बिनगाठीचा दोरा

"दोऱ्याला गाठ मारायची नाही. पहिला टाका सुटला तर सुटू दे, दोनदा मागे घेऊन पुन्हा घाल. पण गाठ नाही. माणूस निघाला असताना त्याला बांधून कशाला ठेवायचं?"

सासूबाईंचा हा आवाज अबोलीच्या कानात इतका मुरला होता, की सुईत दोरा ओवला रे ओवला की तो आपसूक सुरू व्हायचा. सासूबाई जाऊन कैक वर्षं झाली, आवाज काही गेला नाही. त्यांच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यहुदी समाजाची कफनं शिवत आलेल्या. पांढरं सुती कापड, हातशिलाई, खिसा नाही, गाठ नाही. पेढीवाल्याला तेच, हमालाला तेच. "देवाच्या दारात सगळे एकाच मापाचे," सासूबाई म्हणायच्या आणि वर पुस्ती जोडायच्या, "लांबी-रुंदी तेवढी बघून घे."

अबोली हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा ती इतकं हळू बोलायची, की धाकट्या दिराने तिसऱ्याच दिवशी हे नाव ठेवलं आणि ते गोंदणासारखं राहिलं. आता स्वतः सासू झाली तरी ती अबोलीच. तिचे नेम मात्र दगडावरच्या रेघा. उठल्याबरोबर हात धुवायचे, रात्री घेतलेला जीव सकाळी परत दिला म्हणून देवाचे आभार मानायचे, मग त्या दिवसाचं स्तोत्र, आणि ते संपेपर्यंत कुणाशी अवाक्षर नाही. रोज सकाळी सिनेगॉगात जाऊन वर बायकांच्या गॅलरीत बसायचं, मग कामावर. आणि सगळ्यात कठीण नेम म्हणजे रागाचा शब्द ओठांबाहेर पडू द्यायचा नाही. नवरा गेला त्या सकाळीही यातलं काही चुकलं नव्हतं.

त्या बुधवारी मात्र हा शेवटचा नेम घशात हाडकासारखा अडकला.

बुधवारी सकाळी रफूमावशी गेली. ज्या हॉस्पिटलच्या चादरी तिने जन्मभर शिवल्या, तिथल्याच एका चादरीवर गेली. अबोली त्याच हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून काम करायची. खोली धुलाईखात्याला लागून. भिंतीपलीकडे मशिनांची धडधड, अलीकडे इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास, आणि टेबलावर फाटक्या चादरींचा असा डोंगर की समोरचं माणूस उभं राहिल्याशिवाय दिसायचं नाही.

या डोंगराआडच अबोलीने रफूमावशीला ओळखलं होतं. तशी ती हॉस्पिटलात प्रसिद्धच होती, पण चांगल्या कारणासाठी नव्हे. तिचा रफू असा की कापड फाटलं होतं हे कापडही विसरावं. पण बटणं टिकायची नाहीत. डॉक्टरांच्या कोटाची बटणं पेशंटच्या पोटावर पडायची, सूपमध्ये पडायची. मेट्रन येऊन कपाळाला हात लावायची.

"मावशी, अहो बटणाखाली दोऱ्याला एक गाठ मारा ना. शाळेतल्या पोरीलाही येतं."

"माझ्या हाताला गाठ येत नाही, बाई," मावशी म्हणायची आणि मान खाली घालून पुढचं बटण तसंच लावायची.

लोक हसायचे. अबोली हसली नाही. कामावर लागली त्याच आठवड्यात तिने मावशीची एक चादर उलटून पाहिली होती. टाक्याच्या सुरुवातीला गाठ नाही, शेवटी नाही. दोन टाके मागे घेतलेले, सासूबाई घ्यायच्या अगदी तसे. ज्या पोरीने सुई हातात धरायला कफनावरच शिकावं, तिच्या हातून आयुष्यभर दुसरं काही होऊ नये, अशीच ती चूक होती. अबोलीने काही विचारलं नाही. नुसता स्वतःचा दोरा तिच्यासमोर धरला आणि गाठ न मारता पहिला टाका घेतला. मावशीने तो पाहिला. मग उठून खोलीचं दार लोटून घेतलं, आणि बसून पदराआड इतकी रडली की पलीकडची मशिनं होती म्हणून बरं.

ती पोर असताना तिच्या गावावर माणसं चालून आली होती. आधी सिनेगॉग पेटलं, मग घरं, मग घरातली माणसं. आई कफन शिवत बसलेली, तिने पोरीला मागच्या खिडकीतून ढकललं आणि सांगितलं, विचारलं तर दुसरं नाव सांग. पोरीने सांगितलं. पुढे त्याच नावाने काम मिळालं, त्याच नावाने पगार. खरं नाव तिने एकट्या अबोलीला सांगितलं, तेही कानात. आणि म्हणाली, "जगले परक्या नावाने. पण मेल्यावर मला आपल्या माणसांत ठेव. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर नको. आणि कफन तूच शीव."

"शिवीन," अबोली म्हणाली होती. "आणि आपल्या माणसांतच ठेवीन." वचन दिलं की दिलं. नेमाइतकंच.

तर बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, अबोली चेअरमनसाहेबांच्या दुकानात गेली. सिनेगॉगाच्या मंडळाचे हे चेअरमन म्हणजे चष्मेवाले. तिच्या नवऱ्याचे बालमित्र. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली त्यांच्या गल्ल्यात असायची.

"या, वहिनी. नंबर वाढला का?"

"नंबर तोच आहे, भाऊजी." तिने सगळं सांगितलं. आपल्यातली एक बाई गेली आहे, आजच माती द्यायला हवी, किल्ली हवी आणि चार माणसं हवीत.

चष्मेवाल्यांनी हातातली काच फडक्याने पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. "कोण ही? मी तर कधी नाव ऐकलं नाही. सणाला नाही, सुतकाला नाही."

"ती भीतीने कधी आली नाही."

"बरं. कागद काय आहे? आईबापांचं लग्न, जन्माचा दाखला, काहीतरी?"

"सगळं जळलं. घरासकट."

"मग कशावरून आपल्यातली?"

अबोलीने दोऱ्याचं सांगितलं. ते बोलताना तिलाच वाटलं की हे या दुकानात मांडायचं सामान नव्हे. चष्मेवाले हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसे हसले आणि तेच जास्त लागलं.

"वहिनी, डॉक्टरांची बटणं तुटतात म्हणून बाई यहुदी? मग आमचा शिंपी मोठा धर्मगुरूच म्हणायचा."

"भाऊजी, तिने मला स्वतः सांगितलंय."

"मेलेलं माणूस साक्षीला येत नाही. हॉस्पिटलात तिचा धर्म दुसराच लागलाय. उद्या त्यांच्यातले कोणी उठले आणि म्हणाले, आमची बाई पळवून पुरली, तर? मागे खिडकीवर दगड आला होता, विसरलात? आपण मूठभर माणसं. आपण आवाज न करता जगायचं, आवाज न करता मरायचं. शिवाय जागा कुठे आहे? उरलेल्या जागा सगळ्या घराण्यांनी धरून ठेवल्यात. तुम्ही भल्या आहात, पण यात पडू नका. म्युनिसिपालटी बघेल काय ते."

म्युनिसिपालटी बघेल. अबोलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेवर शब्द आले, असे की तिला ठाऊकही नव्हतं आपल्याकडे असले शब्द आहेत. तिने ते गिळले. नेम होता. "बरं," एवढं म्हणून ती बाहेर पडली, आणि रस्त्यावर आल्यावर त्या 'बरं'चीच तिला चीड आली. काय बरं होतं त्यात?

हॉस्पिटलात शवागाराच्या खिडकीवर बसलेल्या क्लार्कने मानही वर केली नाही. "नातेवाईक?"

"नाही. शेजारी बसायचे. कामावर."

"शेजारी बसणाऱ्याला बॉडी देत नाही. तुमच्या समाजाच्या मंडळाचा माणूस आणा, लगेच नेता येईल. उद्या दुपारपर्यंत कुणी आलं नाही तर बेवारस म्हणून गाडी नेईल."

"ती बेवारस नाही. या हॉस्पिटलातली प्रत्येक चादर तिने शिवलीय. तुम्ही बसलाय त्या खुर्चीची उशीसुद्धा."

क्लार्कने पहिल्यांदा वर पाहिलं, मग खाली आपल्या उशीकडे. "मी काय करू, बाई. नियम आहे."

"मग तिच्याजवळ बसायला तरी द्या. आमच्यात मातीआधी माणसाला एकटं सोडत नाहीत."

आत बसायची परवानगी मिळाली नाही, पण दाराबाहेरच्या बाकावर कुणी बसलं तर आपण पाहिलेलं नाही, असं क्लार्क म्हणाला. नियमातला माणूस तेवढा तरी निघाला. अबोलीने घरी फोन केला आणि सूनबाई आली.

सूनबाई म्हणजे सासूच्या अगदी उलटं टोक. तिचं तोंड झोपेतच काय ते मिटायचं. "आई, मी बसते. पण मी काय करायचं बसून?"

"काही नाही. नुसतं बस. स्तोत्र म्हण."

"मला दोनच पाठ आहेत."

"तीच म्हण. आलटून पालटून."

संध्याकाळी अबोली घरी खिडकीशी कापड घेऊन बसली. माप घ्यायची गरज नव्हती. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या बाईच्या खांद्याचं माप डोळ्यांतच होतं. तिने कापलं, दोरा ओवला, सासूबाईंचा आवाज सुरू झाला. पण आज त्या आवाजात दुसरा आवाज मिसळत होता. कशावरून आपल्यातली? टाका. कागद काय आहे? टाका. जिचे कागद लोकांनी जाळले, तिच्याकडे कागद मागता? जी आवाज न करता जगली, तिलाच सांगता आवाज न करता मर? टाका, टाका, टाका. आणि तू, तू वर बसून काय बघतोस, हेही तिने विचारलं. ज्याला विचारलं त्याला कळलं असणार. देवाशी भांडायला तिच्या लोकांत मनाई नव्हती. सासूबाई तर म्हणायच्या, "त्याच्याशी भांडलेलं चालतं. अबोला धरलेला चालत नाही."

बाहीची शिवण संपवून तिने कापड उलटलं आणि तिच्या हातातून सुई गळाली.

दोऱ्याला गाठ होती.

बारीक, घट्ट, मोहरीएवढी. तिच्याच हातांनी मारलेली, तिला न विचारता. आजवर शिवलेल्या एकाही कफनाला अशी गाठ पडली नव्हती. स्वतःच्या नवऱ्याच्याही नाही, आणि त्या वेळी तर डोळ्यांना कापड दिसत नव्हतं. तिने सुईचं टोक गाठीत घातलं आणि सोडवायला घेतलं. कापून टाकणं सोपं होतं, पण सासूबाई कापू द्यायच्या नाहीत. सोडव, म्हणायच्या. ज्याने गाठ मारली त्याने ती सोडवायची.

गाठ सुटता सुटेना. ती जितकी ओढेल तितकी घट्ट. मग तिने ओढणं सोडलं आणि नुसतं टोक आत-बाहेर हलवत राहिली, आणि त्या बारीक कामात सासूबाईंच्या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग तिला आठवला. तो त्या क्वचितच बोलायच्या, म्हणून मागे पडला होता. "मेलेल्याच्या कपड्याला गाठ नाही. जिवंताच्या कामाला मात्र गाठ पक्की लागते. राग आला की सुई खाली ठेव. राग कफनात शिवू नये, मेलेल्या माणसाला टोचतो. तो जिथला आहे तिथे नेऊन ठेव."

जिथला आहे तिथे. आणि मग तिला वाचन अडवण्याची गोष्ट आठवली.

ही रीत फार जुनी, म्हाताऱ्यांच्या तोंडीच काय ती उरलेली. कुणावर अन्याय झाला आणि पंचांनी कानावर हात ठेवले, तर त्या माणसाने, पुरुषाने किंवा बाईने, सिनेगॉगात उभं राहायचं आणि धर्मग्रंथाची गुंडाळी उघडण्याआधी म्हणायचं, वाचन थांबवा. मग त्याचं ऐकून त्याला उत्तर दिल्याशिवाय गुंडाळी उघडायची नाही. आधी माणसाला न्याय, मग देवाचं पुस्तक. सासूबाईंच्या आईने एकदा असं अडवलं होतं म्हणे, एका विधवेच्या घरासाठी. ती गोष्ट सांगताना सासूबाईंची मान ताठ व्हायची.

गुरुवारी सकाळी वाचन असतं. उद्या गुरुवार होता.

गाठ सुटली तेव्हा दोरा तिथे थोडा खरखरीत झाला होता. अबोलीने तो ओल्या बोटांनी सारखा केला, दोन टाके मागे घेतले आणि उरलेलं कफन शांतपणे पुरं केलं. राग कमी झाला नव्हता. त्याला फक्त पत्ता मिळाला होता.

सकाळी हात धुतले, आभार मानले, स्तोत्र म्हटलं. मग हॉस्पिटलात बसलेल्या सूनबाईला फोन लावला. रात्री मुलगा बाकावर बसला होता, पहाटे त्याला उठवून सूनबाई बसली होती.

"सगळं ठीक ना गं?"

"ठीक आहे, आई. स्तोत्रं किती वेळा म्हटली देव जाणे. मग म्हटलं मावशींनाही कंटाळा आला असेल, म्हणून जरा बोलत होते त्यांच्याशी."

"काय बोललीस?"

"असंच. घरातलं. तुमच्या धाकट्या दिरांच्या लग्नात काय गोंधळ झाला होता ते."

"अगं, ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"त्या कुठे बोलणार आहेत?" सूनबाई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आई, माती आज होईल ना? मी त्यांना सांगून बसलेय, होणार म्हणून."

"होईल," अबोली म्हणाली. म्हणजे आता वचन दोघींचं झालं होतं.

कफनाची घडी एका स्वच्छ चादरीत बांधून ती सिनेगॉगात गेली आणि नेहमीप्रमाणे वर गॅलरीत बसली. गुरुवारी वर ती एकटीच असायची. खाली मोजके पुरुष. चेअरमन पहिल्या बाकावर. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी वाचनाच्या मेजाशी. जन्मभर घड्याळांच्या पोटात कान घालून त्यांचा एक कान पार गेलेला, दुसरा लहर लागेल तसा. नळवाला दाराजवळ, कारण त्याला नेहमी मध्येच निघायचं असायचं. धर्मग्रंथाच्या कपाटाचा पडदा सरला, गुंडाळी काढून मेजावर आणली. घड्याळजींनी तिच्यावरचं मखमली कापड काढायला हात घातला.

"वाचन थांबवा," अबोली म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती नेहमीच्या आवाजात बोलली होती आणि तिचा नेहमीचा आवाज म्हणजे शेजाऱ्याच्या घरातला श्वास.

"वाचन थांबवा." नळवाल्याने वर पाहिलं. त्याला वाटलं, पाल असेल.

अबोली उठली. गाठोडं काखेत घेतलं आणि लाकडी जिना उतरून खाली आली. पुरुषांच्या दारात कधी तिने पाऊल ठेवलं नव्हतं. आता ती त्या दारात उभी राहिली, तोंड उघडलं, आणि जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. सासूबाईंसारखा निघाला.

"वाचन थांबवा. माझं ऐकल्याशिवाय उघडू नका."

बाकं करकरली. सगळे वळले. चेअरमन अर्धवट उठले. "वहिनी, हे काय? वर जा. वाचन होऊ दे, मग बोलू."

"मग नाही, भाऊजी. काल मी 'बरं' म्हणून आले. ते माझं चुकलं."

"घड्याळजी, तुम्ही चालू करा."

घड्याळजींना ऐकू आलं की नाही कोण जाणे. पण दारातली बाई आणि तिचे हलणारे ओठ त्यांना दिसत होते. त्यांनी मखमल काढली नाही. उलट तिच्या सुरकुत्या सारख्या केल्या, दोन्ही हात वर ठेवले आणि म्हणाले, "मी पोरगा होतो तेव्हा असंच एकदा झालं होतं. हिच्याच सासूची आई होती ती. चेअरमन, आता हे उघडता येत नाही. बोल, पोरी. जरा मोठ्याने बोल."

पोरगी साठीची होती. ती बोलली. रफूमावशीचं गाव, आग, खिडकी, आईने ढकललं ते, परकं नाव, बटणं. हॉस्पिटलची गाडी दुपारी येणार, तेही. लांबण लावली नाही. शेवटी म्हणाली, "भाऊजी काल म्हणाले, पुरावा आणा. ज्यांनी तिचं घर जाळलं, त्यांनी नाही विचारला पुरावा. त्यांना बरोबर कळलं ती कोण आहे. मारणाऱ्याला आपली माणसं ओळखता येतात, आणि आपल्याला येत नाहीत?"

 घड्याळजींनी मखमल दोन्ही हातांनी आणखी घट्ट दाबून धरली.

चेअरमनचा चेहरा लाल झाला होता. "सगळ्यांसमोर मला वाईट ठरवताय. मी समाजाचा विचार करतो, म्हणून जीव तोडून सांगतोय. गोंधळ झाला तर दगड माझ्या काचेवर येणार, तुमच्या नाही. आणि भावना सगळ्यांनाच असतात हो, पण जागा? जागा कुठे आहे? सगळ्या धरलेल्या आहेत."

"एक माझी धरलेली आहे," अबोली म्हणाली. "यांच्या शेजारी. ती तिला द्या."

चेअरमननी चष्मा काढला. त्या दोन्ही जागा त्यांनीच निवडलेल्या होत्या, मित्रासाठी, भिंतीच्या सावलीच्या. "वेड लागलंय का, वहिनी? मग तुम्ही कुठे जाणार?"

"मला शोधाल कुठेतरी. मी तर आपल्यातलीच आहे ना? माझा पुरावा कुणी मागणार नाही."

नळवाला खाकरला. "चेअरमनसाहेब, मला कामावर जायचंय. हे उघडत नाही तोवर प्रार्थना संपत नाही, आणि प्रार्थना अर्धी टाकून मी गेलो तर दिवसभर नळ गळतात, हा माझा अनुभव आहे. किल्ली देऊन टाका ना. दुपारी खांद्याला मी येतो. माझ्याकडे गाडी पण आहे. पाइप काढून ठेवतो."

"मीही येतो," मागून कुणी म्हणालं. मग आणखी एक जण नुसताच उभा राहिला.

चेअरमननी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला, कारण पुसायला दुसरं काही नव्हतं. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. म्हणजे त्यांनी ती आज गल्ल्यात ठेवली नव्हती, बरोबर आणली होती. का आणली होती, ते अबोलीने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. एक किल्ली सोडवून त्यांनी बाकावर ठेवली. "हॉस्पिटलात मंडळातर्फे मी फोन करतो. पण पुढे काही झालं तर मी जबाबदार नाही."

"नव्हतातच," अबोली म्हणाली आणि किल्ली उचलली.

हे रागाचंच वाक्य होतं. नेम मोडला होता, सरळसरळ. संध्याकाळी देवाला सांगावं लागणार होतं. तिने मनाशी ठरवलं, सांगेन, पण क्षमा मात्र मागणार नाही. त्याला राग आला तर भांडेल, दोघंही काही नवखी नव्हती.

घड्याळजींनी तिला बोटाने जवळ बोलावलं. "नाव सांग तिचं. मातीच्या वेळी खरं नाव घ्यावं लागतं."

अबोली वाकली आणि त्यांच्या चांगल्या कानात ते नाव म्हणाली. एका बाईने खिडकीतून ढकलताना विसरायला सांगितलेलं, दुसरीने कानात ठेवलेलं. घड्याळजींनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं, जसं घड्याळ दुरुस्त झाल्यावर कानाशी धरून बघतात. मग मान हलवली आणि मखमल काढली.

वाचन सुरू झालं. अबोली ते ऐकायला थांबली नाही. दाराबाहेर पायरीवर येऊन तिने गाठोडं खाली ठेवलं, डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा नीट बांधला आणि हनुवटीखाली गाठ मारली. एक मारली, तिच्यावर दुसरी. ओढून पाहिली. सुटणार नव्हती.

मावशीला आंघोळ घालायला आणखी दोघी लागणार होत्या. एक सूनबाई. दुसरी कोण, ते वाटेत ठरणार होतं. तिने गाठोडं काखेत घेतलं, किल्ली मुठीत धरली आणि कुणाला न सांगता हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली.